बॉर्डरवर कडक तपासणी आणि सोपा प्रवास, दोन्ही एकत्र जमतं का?

निळी_बॅग

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन दोन शेजारशेजारच्या देशांत फिरायला गेले होते. एकातून दुसऱ्यात बसने जायचं होतं. कुठली बॉर्डर ते मुद्दाम लिहीत नाही कारण मला त्या ऑफिसची तक्रार करायची नाहीये, प्रश्न वेगळाय. सकाळी सातला बस चौकीपाशी थांबली, सगळ्यांनी सामानासकट उतरायचं. पहिल्या इमारतीत देशाबाहेर पडल्याचा शिक्का, मग बॅगा ओढत मधला रस्ता चालायचा, अर्धा किलोमीटर तरी असेल, वर पत्रा नाही की टेकायला बाक नाही, मग दुसऱ्या देशाची इमारत आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सगळं तेच. कुठे जाणार, किती दिवस, कुठे उतरणार, परतीचं तिकीट दाखवा.

आईचं वय ७१. तिच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेचनात. जन्मभर धुणीभांडी केलेले हात, बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्यात. काउंटरवरची मुलगी काच पुसायची, आईचं बोट आपल्या हाताने दाबून धरायची, परत लाल दिवा. सात-आठ वेळा झालं असं. मागची रांग चुळबुळायला लागली आणि आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अगं माझं काही चुकलं का?" ते अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

एकूण चार तास गेले. आणि खरं सांगू का, त्या चार तासांत आमची कुणी नीट तपासणी केली असं मला वाटलंच नाही. बॅगा स्कॅनरमधून गेल्या तेव्हा स्क्रीनसमोरची खुर्ची रिकामी होती. म्हणजे त्रास पुरेपूर झाला पण त्यातून सुरक्षितता किती मिळाली देव जाणे.

इकडे सगळे युरोपचं उदाहरण देतात की एका देशातून दुसऱ्यात गेलेलं कळतसुद्धा नाही. पण तिथेही आता परत तपासण्या सुरू झाल्यात असं वाचलं. मग प्रश्न असा की हे दोन्ही एकत्र जमतं का? की सीमा घट्ट हवी असेल तर माणसांचे हाल होणारच, आणि हाल नको असतील तर सीमा सैल ठेवावी लागणार, असंच आहे? ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

दोन_खिडक्या

ताई, आधी आईंना सांगा की त्यांचं काहीही चुकलेलं नाही. वय झालेल्या माणसांचे, शेतात, बांधकामावर काम करणाऱ्यांचे ठसे मशीनला सापडत नाहीत हा नेहमीचा अनुभव आहे, आणि त्याची सोय करून ठेवणं हे यंत्रणेचं काम आहे.

मी मालवाहतुकीत आहे, सीमेपलीकडे जाणाऱ्या ट्रकांचे कागद बघणं हेच रोजचं काम, त्यामुळे थोडं अधिकाराने लिहितो. तुमचे चार तास तपासणीत नाही गेले, एकच काम दोनदा होण्यात गेले. बहुतेक जमिनीवरच्या बॉर्डरचं दुखणं हेच असतं. दोन देश, दोन इमारती, दोन रांगा, आणि एका इमारतीतल्या साहेबाने काय पाहिलं ते दुसऱ्या इमारतीत पोचतच नाही.

यावर उपाय निघालेला आहे आणि तो श्रीमंत देशांनीच काढलाय असंही नाही. झांबिया आणि झिम्बाब्वेच्या मधे झांबेझी नदीवर चिरुंडू नावाचं नाकं आहे. तिथे ट्रक दिवसचे दिवस पडून असायचे. २००९ मध्ये दोघांनी मिळून ते 'वन स्टॉप' केलं, आफ्रिकेतलं पहिलं. म्हणजे झांबियात शिरताना फक्त झांबियाच्या बाजूला थांबायचं, तिथे दोन्ही देशांचे लोक बसलेले, एक बाहेर सोडतो, शेजारचा आत घेतो. उलट जाताना फक्त झिम्बाब्वेच्या बाजूला थांबा. पुढे केनिया-युगांडाच्या बुसिया, मलाबा वगैरे नाक्यांवर हेच झालं.

ऐकायला सोपं वाटतं पण यातली खरी अडचण कायद्याची. एका देशाचा अधिकारी दुसऱ्या देशाच्या जमिनीवर बसून एखाद्याला अडवतोय, त्याच्याकडे माल सापडला तर अटक कोण करणार, खटला कुठल्या कायद्याने चालणार? त्यासाठी दोन्हीकडे कायदे करावे लागतात, आपल्या जमिनीवर शेजाऱ्याच्या वर्दीला मर्यादित का होईना अधिकार द्यावा लागतो. इमारत दोन वर्षांत उभी राहते, हा विश्वास उभा राहायला खूप वेळ लागतो.

आणि सुरक्षितता यात कमी होत नाही, वाढते. दोघे शेजारी बसले की एकाला आलेली शंका दुसऱ्याला लगेच कळते. शिवाय तो मधला अर्धा किलोमीटर, जो तुम्ही आईंना घेऊन चाललात, तोच तस्करांचा आवडता भाग असतो कारण तिथे नक्की कुणाची नजर हे कुणालाच माहीत नसतं.

आपल्या जवळचं उदाहरण कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस. २००८ ला सुरू झाली तेव्हा सीमेवरची गेदे (आपल्याकडचं) आणि दर्शना (बांगलादेशातलं), दोन्ही स्टेशनांवर सगळ्या गाडीने सामान घेऊन उतरायचं, तपासणी करून परत चढायचं. नोव्हेंबर २०१७ पासून ती तपासणी सुटायच्या आणि पोचायच्या स्टेशनवर नेली आणि मधले काही तास वाचले. तपासणी तीच, फक्त जागा बदलली. जुलै २०२४ मध्ये ती गाडीच बंद झाली, त्याची कारणं राजकीय होती, पण केलेला बदल बरोबर होता.

पुलावरची_बस

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी सहा वर्षं मलेशियातल्या जोहोर बाहरूत राहून सिंगापूरला नोकरी केली, म्हणजे रोज दोनदा आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायची. लोकांना वाटतं काय मजा, रोज परदेशवारी. पण पहाटे पावणेपाचला घर सोडायचं. बसमधून मलेशियाच्या इमारतीत उतरायचं, तिथून बाहेर पडल्याची नोंद, जिना उतरून परत त्याच नंबरची बस पकडायची, जेमतेम एक किलोमीटरचा पूल, की सिंगापूरच्या बाजूच्या वुडलँड्स नाक्याला परत सगळे खाली, परत रांग, बॅग स्कॅनरवर, परत बस. पूल तेवढाच पण गर्दीच्या दिवशी दीड-दोन तास सहज जायचे. बायका जिन्यावरून अक्षरशः पळायच्या, कारण एका बसचा लोंढा तुमच्या आधी रांगेत शिरला की वीस मिनिटं गेलीच. मी स्वतः दोनदा त्या जिन्यावर पडलेय.

मार्च २०२४ पासून सिंगापूरच्या बाजूला क्यूआर कोड सुरू झाला, पासपोर्ट काढून द्यायला नको, गाडीतल्या सगळ्यांचा मिळून एकच कोड चालतो. एकेका माणसामागे काही सेकंदच वाचतात, पण रोज लाखो माणसं जातात तिथे सेकंदांचा हिशोब फार मोठा होतो. आणि कॅमेरा चेहरा बघतोच, म्हणजे सोडून दिलंय असं अजिबात नाही. आता तिथे नवीन रेल्वे होतेय, २०२६ अखेरचं उद्दिष्ट आहे, तिच्यात चढायच्या आधीच दोन्ही देशांची तपासणी एकाच स्टेशनात उरकणार आणि पलीकडे उतरलं की सरळ चालायला लागायचं. मी तिथून परत आले, पण माझ्या तिकडच्या मैत्रिणी त्या गाडीची वाट बघतायत.

फक्त एक गोष्ट आवर्जून सांगते. १८ मार्च २०२० ला कोरोनामुळे मलेशियाने सीमा बंद केली. आदल्या दिवशी पुलावर जी गर्दी उसळली ती मी पाहिलीय, कपड्यांच्या पिशव्या डोक्यावर घेऊन माणसं चालत निघाली होती, कारण सिंगापुरातलं काम टिकवायचं तर तिकडेच राहायला हवं. काहींनी पहिल्या रात्री स्टेशनबाहेर झोपून काढल्या. माझ्या शेजारणीचा नवरा तिकडे अडकला आणि तिचं बाळ चालायला लागलं तरी त्याने त्याला हातात घेतलं नव्हतं. मधल्या पुलाची लांबी एक किलोमीटर. तेव्हा साथ होती, बंद करणं गरजेचं होतं हे मला मान्य आहे. पण रोज ये-जा करणाऱ्यांसाठी काही वेगळी वाट आधीच आखलेली असती तर एवढं झालं नसतं. सोपा प्रवास म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर टूरिस्ट येतात. सगळ्यात जास्त फरक पडतो तो कामाला जाणाऱ्यांना.

पहारा

दोघांचंही पटलं पण दुसरी बाजूही यायला हवी. माझ्या घरातला माणूस भारत-नेपाळ सीमेवर चार वर्षं ड्युटी करून आलाय. १९५० च्या करारानुसार ती सीमा उघडी आहे, साधारण १७५१ किलोमीटर, दोन्ही देशांच्या नागरिकांना ना व्हिसा ना पासपोर्ट. हेच विमानाने गेलात तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, म्हणजे दोन देश तेच आणि नियम दोन. लाखो लोकांची घरं, लग्नं, मजुरी या उघड्या सीमेवर चालते, ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिथूनच मुली विकायला नेतात. खोट्या नोटा येतात. २००१ पासून सशस्त्र सीमा बल तिथे आहे ते काही उगाच नाही.

आता तिथे तपासणी कशी चालते ते सांगतो. तुमच्या रिकाम्या खुर्चीच्या बरोब्बर उलट. रांग नसते. माणसं चालत, सायकलवर, टांग्यातून येत-जात असतात आणि जवान नुसते बघत असतात. एखादी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आणि सोबत जरा मोठा माणूस, मुलगी मान खाली घालून, हातात नवीन मोबाईल. मग दोघांना वेगवेगळं घेऊन अगदी साधे प्रश्न. हा तुझा कोण? त्याच्या आईचं नाव काय? कुठल्या गावाला चाललात? दोघांची उत्तरं जुळली नाहीत की थांबवायचं. नेपाळच्या बाजूला स्वयंसेवी संस्थांच्या बायकाही हेच करत उभ्या असतात, त्यातल्या काही तर स्वतः त्यातून सुटून आलेल्या. हे कुठलं मशीन करणार? तिथे सगळ्यांना पासपोर्ट सक्तीचा केला असता तर दलालाने आधी तिचा पासपोर्टच काढला असता.

पण माणूस शेवटी माणूस असतो, बारा तासांच्या ड्युटीनंतर नजर थकते. आणि माहिती नसेल तर नजर असूनही उपयोग नाही. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये हल्ले झाले, १३० माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला एक आरोपी गाडीतून बेल्जियमकडे चालला होता, काँब्रे गावाजवळ पोलिसांनी गाडी थांबवलीसुद्धा, कागद बघितले आणि सोडून दिलं, कारण त्याचं नाव हल्ल्याशी जोडलं गेल्याची माहिती त्या क्षणी तिथे पोचली नव्हती. पुढे चार महिने तो सापडला नाही. नाकाबंदी होती, तपासणीही झाली, फक्त माहिती नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं की सोय जरूर करा, पण आधी माहितीची व्यवस्था उभी करा, मग फाटक काढा. उलट्या क्रमाने केलंत तर त्याची किंमत कुणीतरी जिवाने मोजतं.

निळी_बॅग

पहारा, तुम्ही लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला. त्या मुलींचं मला माहीतच नव्हतं. पण मग युरोपने काय केलं? त्यांनी तर फाटकंच काढून टाकली ना?

मोझेलकाठ

ताई, त्यांनी फाटकं काढली पण पहारा म्हणतात त्याच क्रमाने. मी लक्झेंबर्गमध्ये आहे, म्हणून हे रोजचं बघणं आहे. १४ जून १९८५ ला मोझेल नदीवरच्या एका बोटीत, शेंगेन गावापाशी, पाच देशांनी करार केला. पण प्रत्यक्षात फाटकं उघडली २६ मार्च १९९५ ला. मधली जवळपास दहा वर्षं कशात गेली? बरीचशी या मागची व्यवस्था बांधण्यात. हवे असलेले गुन्हेगार, हरवलेली माणसं, चोरीच्या गाड्या, रद्द झालेले पासपोर्ट, या सगळ्यांची एक सामायिक नोंदवही जी कुठल्याही देशातला पोलीस गस्तीच्या गाडीतून बघू शकेल. शिवाय पाठलाग करताना ठराविक अटींवर सीमा ओलांडायची मुभा पोलिसांना दिली, नाहीतर चोर पूल ओलांडला की सुटला. व्हिसाचे नियम सारखे केले. आज २९ देश त्यात आहेत.

त्यामुळे इथे काय शक्य झालं ते बघा. या एवढ्याशा देशात दोन लाखांहून जास्त लोक रोज फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून कामाला येतात आणि संध्याकाळी घरी जातात. माझ्या ऑफिसात आम्ही सात जण, त्यातले चौघे दुसऱ्या देशात राहतात. कुणाची मुलगी आजारी पडली की शाळेतून फोन येतो आणि आई अर्ध्या तासात दुसऱ्या देशात तिच्यापाशी पोचते.

आता तपासण्या परत आल्यात त्याबद्दल. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी लावली आणि नंतर मुदत वाढवत गेले. फ्रान्सची तर २०१५ पासून या ना त्या स्वरूपात चालूच आहे. नियमाने हे 'तात्पुरतं' असायला हवं. मला यात दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे पुलावर चार पोलीस उभे करून गाड्या हळू केल्या की टीव्हीवर छान दिसतं, पण बाकीचे डझनावारी छोटे रस्ते मोकळेच असतात. दुसरं, तेच पोलीस कुठूनतरी काढूनच तिथे आणलेले असतात. मला वाटतं सीमेच्या थोडं आत, माहितीच्या आधारावर, आज इथे उद्या तिथे अशी दोन्ही देशांच्या पोलिसांनी मिळून घातलेली गस्त जास्त कामाची.

आणि एक कडू सत्य पण लिहायलाच हवं. आतली फाटकं उघडली तशी बाहेरची भिंत उंच झाली. ज्यांच्याकडे योग्य पासपोर्ट नाही त्यांच्यासाठी प्रवास सोपा झालेला नाही, भूमध्य समुद्रात हजारो माणसं बुडाली आहेत. आमची सोय त्यांच्या वाट्याच्या कडकपणावर उभी आहे का, हा प्रश्न मला इथे राहून सतत टोचतो.

उंबरठा

सगळे देशांबद्दल बोलतायत, मी सीमेवरच राहणाऱ्यांबद्दल लिहिते. नागालँडमध्ये लोंगवा गाव आहे, तिथल्या आंगच्या म्हणजे प्रमुखाच्या घरातूनच भारत-म्यानमार सीमा जाते. शेत एका देशात, चूल दुसऱ्या देशात. या लोकांनी सीमा ओलांडलेली नाही, सीमाच त्यांच्या घरावरून गेलीय. त्यांच्यासाठी दोन्हीकडे १६ किलोमीटरपर्यंत मुक्त ये-जा होती. पलीकडे यादवी, अमली पदार्थ, हत्यारं, या सगळ्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये ती रद्द करायचं जाहीर झालं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी १० किलोमीटर आणि पास अशी नवी पद्धत आली. सुरक्षेची कारणं खोटी नाहीत, मणिपूरमध्ये काय झालं ते आपण पाहिलंय. पण पास घ्यायला डोंगर उतरून किती लांब जावं लागतं, तो देणारा माणूस जागेवर असतो का, यावर तिथल्या एखाद्या बाईचं पलीकडचं माहेर जवळ की लांब हे ठरतं.

युरोपियन युनियनने बाहेरच्या शेजाऱ्यांसाठी २००६ मध्ये असाच नियम केला होता, सीमेपासून ३० किलोमीटरच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना व्हिसाऐवजी साधा परवाना. मला ही कल्पना सगळ्यात न्याय्य वाटते. जो रोज जातो त्याची एकदाच कसून चौकशी करा, मग त्याला रोज तेच तेच विचारू नका. त्यामुळे वाचलेला वेळ अनोळखी माणसाकडे नीट बघायला मिळतो.

आणि २०२० चं वर निघालंच आहे म्हणून सांगते, जर्मनीतलं कोन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडचं क्रॉइत्सलिंगेन ही दोन गावं एकमेकांना चिकटलेली आहेत, तिथे मधलं कुंपण २००६ ला काढलं होतं. मार्च २०२० मध्ये रातोरात परत घातलं. प्रेमातली जोडपी, म्हातारे नवरा-बायको जाळीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसायला लागले, जाळीतून बोटं धरायला लागले. मग प्रशासनाने दोन मीटर सोडून दुसरं कुंपण घातलं.

शेवटचं ठशांबद्दल. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे घेणारी पद्धत सुरू झालीय, साधारण तीन वर्षं माहिती राहते, मुदतीपेक्षा जास्त राहिलात आणि बाहेर पडल्याची नोंद नसली तर पाच. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत आणि ज्यांचे शारीरिक कारणाने येतच नाहीत त्यांना सूट आहे. म्हणजे सूट नियमात लिहिता येते. पण ती काउंटरवरच्या मुलीला माहीत हवी आणि वापरायची मुभा हवी. जिथे जिथे मशीन आणाल तिथे मशीन अडलं तर काय, हे आधी ठरलं पाहिजे. आणि माझे ठसे कोण बघणार, कधी पुसणार, चुकीचं नाव जुळलं तर मी दाद कुठे मागायची, हेही.

दोन_खिडक्या

उंबरठा, फार छान लिहिलंत. निळी_बॅग ताई, पुढच्या वेळेसाठी व्यवहारातलं: रांगेत उभं राहायच्या थोडं आधी आईंच्या बोटांना हलकं क्रीम चोळा आणि जास्तीचं रुमालाने टिपून घ्या, कोरडी बोटं सगळ्यात जास्त अडतात. अंगठ्याने नाही झालं तर दुसऱ्या बोटाने घ्या म्हणून विनंती करा. तरीही नाही झालं तर वरिष्ठांना बोलवा म्हणायचं, शांतपणे, त्यात काही उद्धटपणा नाही. आणि जुन्या प्रवासाची कागदपत्रं जवळ ठेवा.

निळी_बॅग

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी काल रात्री आईला वाचून दाखवला. त्या मुलींना वेगळं घेऊन प्रश्न विचारतात ते ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की असं विचारायला चार तास थांबवलं असतं तर मी आनंदाने थांबले असते. क्रीमची डबी तिने आजच पासपोर्टच्या पिशवीत टाकून ठेवलीय.